मेंदूची शस्त्रक्रिया शिकविणारे रुग्णालय कसे पारखावे?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल की, हा काही आपला प्रांत नव्हे. मेंदूची शस्त्रक्रिया, आणि तीही शिकविण्याची पद्धत! शेतीभाती पाहणाऱ्या माणसाला किंवा चौथीच्या वर्गाला अपूर्णांक शिकविणाऱ्या गुरुजींना तिच्याशी काय करायचे आहे? मी स्वतःही डॉक्टर नाही. महाविद्यालयात शिकविणारा एक प्राध्यापक आहे. पण शिकविणे हा माझा व्यवसाय आहे, आणि कोणतीही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, या प्रश्नाचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. शिवाय हा विषय तुमच्या दारापासून वाटतो तितका दूर नाही. तो किती जवळ आहे, ते आधी सांगतो.

आम्ही विश्रामबागेत राहणारी माणसे सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधोमध आहोत. या रस्त्याने दिवसरात्र रुग्णवाहिका जातात. कोणी जतहून आलेला असतो, कोणी आटपाडीहून, कोणी सीमेपलीकडच्या अथणीहून. दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे माणसाला मिरजेला न्यायचे, ही या मुलखाची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे.

आता अशी कल्पना करा. ऊसतोडीचा हंगाम आहे. संध्याकाळी सात-साडेसातचा सुमार. उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी आहे. मागे ना दिवा, ना लाल चकती. मोटारसायकलवरचा विशीतला एक मुलगा तिच्यावर जाऊन आदळतो. डोक्यावर हेल्मेट नाही. दोन मिनिटे तो बेशुद्ध पडतो आणि मग उठून बसतो. चारचौघे जमतात, तोंडावर पाणी मारतात, चहा पाजतात. मुलगा म्हणतो, ‘मला काय झालं नाही, मी घरी जातो.’ सगळ्यांना हायसे वाटते. दोन तासांनी त्याचे डोके ठणकू लागते, ओकारी होते, डोळ्यांवर झापड येते. घरचे म्हणतात, दमलाय, झोपू द्या.

ही झोप साधी नसते. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. हाड तडकले की ती फाटते, आणि कवटी व मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. कवटी काही फुग्यासारखी ताणली जात नाही. मग दबतो तो मेंदू. अशा वेळी कवटी उघडून ते रक्त वेळेत बाहेर काढले, तर पोरगा बहुधा आठ-दहा दिवसांत आपल्या पायांनी घरी जातो. वेळ टळली तर जात नाही.

हे ऑपरेशन मध्यरात्री कोण करते? मोठ्या शिकविणाऱ्या रुग्णालयात त्या मुलाला प्रथम तपासणारा, सी.टी. स्कॅन पाहणारा आणि पुष्कळदा कवटीवर पहिली चीर देणारा माणूस हा शिकत असलेला डॉक्टर असतो. त्याला निवासी डॉक्टर म्हणतात. ‘शिकाऊ’ हा शब्द ऐकला की आपण दचकतो. पण तो जिथे शिकतो ती शाळा चांगली असेल, तर दचकण्याचे कारण नाही. आणि ती शाळा वाईट असेल, तर इमारत कितीही टोलेजंग असली तरी उपयोग नाही. म्हणून ही शाळा कशी पारखावी, तिचे गुण कोणते आणि दोष कोणते, हे तुम्हाआम्हालाही ठाऊक असले पाहिजे.

हे शिक्षण केवढे लांब आहे पाहा. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे. मग एम.एस. ही शस्त्रक्रियेची पदवी, तीन वर्षांची. आणि त्यानंतर एम.सीएच. ही मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेची पदवी, आणखी तीन वर्षांची. काही संस्थांत एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचाही अभ्यासक्रम आहे. म्हणजे अठराव्या वर्षी घरातून निघालेला मुलगा तिशी गाठेपर्यंत विद्यार्थीच असतो. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर या एका विषयाला सात वर्षे देतात.

आपल्या देशात ही विद्या फार जुनी नाही. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग भारतात नव्हता. पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. त्यासाठी ते कॅनडात, माँट्रियलला, डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकून आले होते. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती कामाला लागले. ते इंग्लंडात न्यूकॅसलला शिकले होते. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी आणि के.ई.एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी या विद्येचा पाया घातला. १९५१ साली मद्रासला या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे संस्थापक होते अवघे चार जण. आज भारतातल्या मुलाला ही विद्या शिकायला समुद्र ओलांडावा लागत नाही. याचे कारण असे की, या पहिल्या पिढीने केवळ ऑपरेशने केली नाहीत, तर शाळा काढल्या.

हा धडा आपल्या मिरजेनेही फार आधी दिलेला आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस हे मिशनरी डॉक्टर येथे आले आणि १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. रुग्ण लांबून लांबून येऊ लागले. एकट्या माणसाचे हात किती पुरणार? तेव्हा त्यांनी इथल्याच तरुणांना हाताशी धरून शिकविले आणि रुग्णालयाला वैद्यकीय शाळेची जोड दिली. पुढे १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. रुग्णालय आणि शाळा या दोन गोष्टी एकाच छपराखाली का नांदतात, हे मिरजकराला समजावून सांगावे लागत नाही.

आता पारख करण्याच्या कसोट्यांकडे वळू.

पहिली कसोटी अनुभवाची. या शाळेत विद्यार्थ्यापुढे रुग्ण किती येतात, आणि किती प्रकारचे येतात? आपल्याकडच्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांचे मोठे सामर्थ्य इथे आहे. त्यांचे दार कोणाला बंद नसते. परदेशातल्या विद्यार्थ्याला क्वचित दिसणारे दुखणे इथल्या विद्यार्थ्याला वारंवार दिसते. क्षयरोगाने मेंदूत झालेली गाठ, डोक्यात पाणी साठून मस्तक वाढलेले तान्हे मूल, झाडावरून पडून मणका मोडलेला मजूर, असे सारे त्याच्यापुढे येते. पाहून पाहून नजर तयार होते, हे खरेच आहे.

पण याच गुणाच्या पोटात एक दोष दडलेला असतो. अपघाताचे रुग्ण इतके येतात की, काही ठिकाणी विद्यार्थ्याची वर्षेच्या वर्षे रक्ताच्या गुठळ्या काढण्यात जातात. मेंदूच्या तळाशी असलेली गाठ, रक्तवाहिनीला आलेला फुगा, लहान मुलांच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष, ही कामे एक तर त्या रुग्णालयात होत नाहीत, किंवा झाली तर विद्यार्थी लांबून पाहतो. एकाच धड्याची शंभर वेळा उजळणी केली म्हणजे पुस्तक संपले असे होत नाही. म्हणून ‘तुमच्याकडे वर्षाला ऑपरेशने किती होतात?’ एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. ‘कोणकोणती होतात, आणि त्यांत विद्यार्थ्याचा हात किती असतो?’ हेही विचारले पाहिजे.

यातूनच दुसरी कसोटी निघते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. विद्यार्थ्याच्या हाती काम कसे सोपविले जाते? खेड्यात पोहायला कसे शिकवितात ते तुम्ही जाणता. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात आणि त्याला विहिरीत उतरवितात. काका किंवा थोरला भाऊ पाण्यातच असतो. काही दिवसांनी भोपळा सुटतो, पण काका पाण्यातच असतो. मग एक दिवस काका पायरीवर बसून नुसता पाहतो. पोराला वाटते, आपण एकटेच पोहलो. काकाला ठाऊक असते की, उडी मारायला आपल्याला किती क्षण लागतील.

शस्त्रक्रियेचे चांगले शिक्षण अगदी असेच असते. आधी पाहायचे. मग मदतीला उभे राहायचे. मग ऑपरेशनाचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग, म्हणजे कवटी उघडणे आणि बंद करणे, आपण करायचा आणि मधला नाजूक भाग गुरूने करायचा. मग मधला भागही आपण करायचा, पण गुरू समोर उभा. मग गुरू शेजारच्या खोलीत. आणि शेवटच्या वर्षी आपण धाकट्याला शिकवायचे. कारण शिकविताना आपले अज्ञान जितके उघडे पडते, तितके परीक्षेतही पडत नाही. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

या पद्धतीचे दोन बिघाड संभवतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. काही ठिकाणी काका विहिरीबाहेर कधी येतच नाही. सारी मोठी ऑपरेशने विभागप्रमुख स्वतः करतात. विद्यार्थी तीन वर्षे चिमटे धरतो, कागद भरतो, रक्ताच्या बाटल्या आणतो. पदवी मिळते, हात मात्र कोराच राहतो. काही ठिकाणी याच्या उलट, भोपळा नाही आणि काकाही नाही. रात्री वरिष्ठ घरी, आणि पहिल्या वर्षाचा मुलगा एकटा. तो कसाबसा तरतो, धीट होतो, ‘आमच्याकडे सगळं आम्हीच करतो’ असे अभिमानाने सांगतो. नव्याने जागा शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनाही अशा शाळेचे मोठे आकर्षण वाटते. पण पोहताना बुडालो तर मी बुडतो. इथे बुडतो तो टेबलावरचा माणूस. त्याच्या जिवावर मिळविलेल्या धिटाईला मी शिक्षण म्हणणार नाही.

मग सुरुवातीचा सराव करायचा कुठे? त्यालाही उत्तर आहे. कवटीला भोक पाडण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या कवटीवर करता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या दोऱ्याने टाका घालण्याचा सराव टेबलावर बसून करता येतो. दिल्लीच्या एम्समध्ये अशी स्वतंत्र सराव-शाळा उभी केलेली आहे. ज्या विभागात अशी एखादी साधी खोली आहे आणि विद्यार्थ्याला तिथे बसायला वेळ मिळतो, तो विभाग रुग्णाचा मान राखतो असे खुशाल समजावे.

तिसरी कसोटी हिशेबाची. शेतकरी हंगामाचा हिशेब करतो तेव्हा नुसते किती पोती झाली ते मोजत नाही. किती बियाणे वाया गेले आणि ते का गेले, तेही पाहतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेला आजचे रूप देणारे अमेरिकेतील डॉ. हार्वी कुशिंग यांची थोरवी यातच आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निवासी डॉक्टरांची पद्धत घालून दिली. विद्यार्थी रुग्णालयातच राहायचा, म्हणून तो निवासी. कुशिंग तिथलेच विद्यार्थी. त्यांनी आपल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, चित्रे काढली, दगावलेल्यांची कारणे शोधली आणि १९३२ मध्ये मेंदूतील गाठींच्या दोन हजार रुग्णांचा वृत्तान्त मृत्यूच्या प्रमाणासह छापून टाकला. जो माणूस आपले मृत्यू मोजतो, त्याच्याकडूनच पुढच्या पिढीला काही शिकायला मिळते.

आज चांगल्या विभागात ठरावीक दिवशी एक बैठक होते. कोण दगावले, कोणाला गुंतागुंत झाली, काय टळू शकले असते, यावर तिथे बोलायचे असते. अशी बैठक कागदावर सगळीकडे असेल. पारखायचे ते हे की, तिथे बोलते कोण? धाकटा डॉक्टर ‘सर, आपण दोन तास आधी ऑपरेशन केले असते तर?’ असे विचारू शकतो का? विचारले तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर राग निघतो का? जिथे सारा दोष सर्वांत धाकट्यावर जाऊन थांबतो, तिथे हिशेब होत नाही, फक्त शिक्षा होते.

विद्यार्थ्याने आपल्या कामाची रोजनिशी ठेवायची असते: अमुक ऑपरेशन पाहिले, अमुक ठिकाणी मदत केली, अमुक गुरूच्या देखरेखीखाली केले, अमुक स्वतंत्रपणे केले. ही फार चांगली सोय आहे. परंतु शिक्षकहो, साहेब तपासणीला येणार म्हणून एका रात्रीत भरलेली टाचणवही आपण सर्वांनी पाहिलेली आहे. वही भरलेली असणे आणि हात तयार असणे, या दोन गोष्टी निराळ्या. गुरूने त्याच दिवशी सही केलेली, ‘इथे चूक झाली, पुढच्या वेळी असे करावे’ असा शेरा असलेली वही खरी.

आणि इथेच आपल्या पद्धतीचा एक दोष सांगून टाकतो. या शिक्षणाला बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळतो तो देशभर होणाऱ्या एका परीक्षेवर. २०१७ पासून ती ‘नीट-एसएस’ या नावाने होते. देशाला एक फूटपट्टी मिळाली, वशिल्याला आळा बसला, हा तिचा मोठाच गुण. पण संगणकापुढे बसून चार पर्यायांतला एक निवडताना हाताची स्थिरता, मनाचा धीर आणि रुग्णाविषयीची कणव मोजली जात नाही. मिरजेतल्या वाद्यांच्या कारखान्यात तंबोऱ्याची जवारी काढण्याचे काम कोणाला द्यायचे, ते लेखी परीक्षेने ठरत नाही. वर्षानुवर्षे कान आणि हात पाहून ठरते. प्रवेश परीक्षेने होऊ द्यावा, पण आत आल्यावर हात पाहणारा गुरू हवा.

चौथी कसोटी झोपेची. तुम्हाला हसू येईल, पण ही थट्टा नाही. छत्तीस तास न झोपलेल्या ड्रायव्हरच्या एस.टी.त आपण बसणार नाही. मग इतका वेळ जागलेल्या माणसाच्या हाती कवटी का द्यावी? १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दगावली. थकलेल्या आणि वरिष्ठांची देखरेख नसलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न त्यातून चव्हाट्यावर आला. १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली, आणि २००३ पासून ती साऱ्या अमेरिकेतल्या प्रशिक्षणाला लागू झाली. आपल्याकडेही १९९२ च्या केंद्रीय योजनेत सलग कामाचे तास दिवसाला सामान्यतः बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस असावेत असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत ‘वाजवी’ तास, ‘वाजवी’ विश्रांती आणि आठवड्याची एक सुट्टी सांगितली आहे. वाजवी म्हणजे किती, ते मात्र नियमात लिहिलेले नाही. २०२४ मध्ये आयोगाच्याच एका कृतिगटाने आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची मर्यादा सुचविली.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, ती लपवू नये. तास कमी केले की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात अधिक वेळा जातो, आणि प्रत्येक वेळी एखादा निरोप गळण्याची भीती असते. अमेरिकेतच शस्त्रक्रियेच्या विभागांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐंशी तासांची मर्यादा कायम ठेवून पाळ्यांचे नियम थोडे सैल केले, तर रुग्णांची हानी वाढत नाही, असे त्यात दिसले. तेव्हा केवळ घड्याळ लावून प्रश्न सुटत नाही. साखर कारखान्यात पाळी बदलताना बॉयलरवरचा माणूस पुढच्याला सगळे समजावून सांगितल्याशिवाय जागा सोडत नाही, तशी पाळी बदलण्याची शिस्त हवी. पण ‘आम्ही तीन-तीन दिवस जागलो, तुम्हीही जागा’ हे काही शास्त्र नव्हे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण अशा वेळी वडीलधारे हमखास सांगतात. टाकीचे घाव दगडावर घालतात. इथे थकव्याचा घाव शेवटी कोणाच्या डोक्यावर पडतो, याचा विचार त्या म्हणीत नाही.

पाचवी कसोटी विवेकाची. चाकू चालविणे शिकविता येते. कधी चालवू नये, हे शिकविणे कठीण. ऐंशी वर्षांच्या, श्वास यंत्रावर चाललेल्या आजोबांचे ऑपरेशन करून काय साधणार आहे? करता येते म्हणून करावे का? आणि हे घरच्यांना सांगायचे कसे? ज्या शाळेत गुरू स्वतः नातेवाइकांशी बोलायला बसतो आणि विद्यार्थ्याला शेजारी बसवून घेतो, तिथे ही विद्या आपोआप उतरते. के.ई.एम.मध्ये अनेक वर्षे न्यूरोसर्जन म्हणून काम केलेल्या डॉ. सुनील पंड्यांनी वैद्यकीय नीतीवर आयुष्यभर लिहिले, हा योगायोग नाही. कवटीच्या आत हात घालणाऱ्या माणसापुढे हे प्रश्न रोज उभे राहतात. रुग्णाच्या बायकोला तिच्या बोलीत, खाली बसून, ‘वहिनी, हे असं झालंय’ असे सांगता येणे, हाही त्या अभ्यासक्रमाचा भाग मानला पाहिजे.

आता सहावी आणि शेवटची गोष्ट. ती कसोटी आहे तशी जबाबदारीही आहे. श्रोतेहो, ही विद्या कोणाच्या देहावर शिकली जाते? ज्याला पैसे देऊन नामांकित डॉक्टर निवडता येतो, त्याच्या देहावर फारशी नाही. ती शिकली जाते ती मोफत खाटेवर आलेल्या माणसाच्या देहावर: ऊसतोड्याच्या, हमालाच्या, भूमिहीन बाईच्या. त्यांच्या दुखण्यावर डॉक्टरचा हात तयार होतो, आणि तयार झालेला हात बहुतेक वेळा मोठ्या शहराकडे जातो. यात कोणा एकट्या तरुणाला दोष देऊन उपयोग नाही. यंत्रे, भूलतज्ज्ञ, शिकलेल्या परिचारिका, अतिदक्षता विभाग यांच्यावाचून मेंदूचा सर्जन तालुक्याच्या गावी काय करणार? पण हे एक ऋण आहे, आणि ते शाळेने मान्य केले पाहिजे.

ते फेडण्याचा एक मार्ग असा की, शाळेने आपली विद्या भिंतीबाहेर पोहोचवावी. ऑस्ट्रेलियात अंतरे आपल्याहून कितीतरी मोठी. तिथे आडभागातल्या साध्या सर्जनने प्रसंगी डोक्यातले रक्त कसे काढावे, आणि त्या वेळी शहरातल्या तज्ज्ञाने त्याला कसे मार्गदर्शन करावे, याचे नियम मेंदूच्या सर्जनांच्या संस्थेनेच लिहून दिलेले आहेत. आपल्याकडेही जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या डॉक्टरांना किमान एवढे शिकविता येईल की, कोणाला ताबडतोब पुढे पाठवावे आणि वाटेत काय करावे. ग्लासगो शहरातल्या दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, १९७४ मध्ये शुद्धीचे एक साधे माप तयार केले. रुग्ण डोळे कसे उघडतो, बोलतो कसा, सांगितले तर हात हलवितो का, एवढे पाहून तीनपासून पंधरापर्यंत गुण द्यायचे. त्याला यंत्र लागत नाही. शाळेतल्या गुरुजींना प्रगतिपुस्तक भरणे येते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला हे माप येणे मुळीच अवघड नाही. ज्या विभागाचे विद्यार्थी अशा शिकवणुकीसाठी वर्षातून काही दिवस बाहेर पडतात, तो विभाग आपले ऋण जाणतो.

या साऱ्या कसोट्या एका वाक्यात सांगायच्या तर अशा सांगीन: शाळेची पारख सकाळी दहा वाजता करू नये, रात्री दोन वाजता करावी. सकाळी दहाला विभागप्रमुख हजर असतात, यंत्रे झळकत असतात, पाहुण्यांना दाखवायची ऑपरेशने चाललेली असतात. रात्री दोनला, नाव-गाव न सांगू शकणारा एखादा गरीब माणूस येतो, तेव्हा शिकाऊ डॉक्टरच्या पाठीशी कोण उभे राहते? फोन केला तर वरिष्ठ येतात का? आणि फोन करायला तो मुलगा भितो का? यांची उत्तरे चांगली असतील, तर त्या शाळेचे बाकीचे उणेपण भरून निघेल. ती वाईट असतील, तर बाकीचे वैभव म्हणजे दाखवायचे दात.

तुम्ही म्हणाल, रात्री दोनला आम्ही कसली पारख करणार? आमचा माणूस आत असतो, आमचे हातपाय गळालेले असतात. खरे आहे. तरीही तीन गोष्टी तुम्हाला करता येतील. पहिली, डोक्याला मार लागून माणूस क्षणभर जरी बेशुद्ध पडला असेल, तरी तो उठून बोलू लागला म्हणून घरी नेऊ नका. दवाखान्यात न्या, आणि तो किती वाजता पडला, केव्हा शुद्धीवर आला, ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. ही चिठ्ठी त्या तरुण डॉक्टरला फार मोलाची असते. दुसरी, त्याला आदराने विचारा, ‘डॉक्टरसाहेब, ऑपरेशन कोण करणार? आपले वरिष्ठ हजर असतील ना? ऑपरेशन केले नाही तर काय होईल?’ हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या शाळेतला विद्यार्थी या प्रश्नाने दुखावत नाही. आणि तिसरी, माणूस वाचला नाही तरी त्याच्यावर हात उगारू नका. तो तुमच्याच कोणा गुरुजींचा विद्यार्थी असतो आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी मुलासाठी त्याला जागायचे असते.

शिकाऊ माणसाच्या हाती आपला माणूस देणे याला मोठे धैर्य लागते. हे धैर्य आपल्या गोरगरिबांनी आजवर मुकाट्याने दाखविले आहे. त्या बदल्यात त्यांनी एवढेच मागायचे, की शिकणाऱ्याच्या शेजारी शिकविणारा उभा असावा. आणि हे मागण्याचा त्यांना पुरा हक्क आहे.